पूर्वजांचं तेलतूप: नेमके कुठले पूर्वज, आणि किती तेल?

शेवगा (धागाकर्ती)

२०१६ ते २०१९ अशी तीन वर्षं मी पॅलिओ पद्धतीने जेवत होते. न्यू जर्सीतल्या आमच्या जिमच्या गटात तेव्हा सगळ्यांचं तेच चाललं होतं. शेती सुरू होण्याआधीचा माणूस जे खात होता ते खायचं. धान्य, डाळी, दूध, साखर बंद. मी गटात आले तोवर दूध बंद असलं तरी लोण्याला सूट होती, आणि खोबरेल तेलाला तर मानाचं पान. मी रोज सकाळी कॉफीत एक मोठा चमचा लोणी आणि एक मोठा चमचा खोबरेल घालून घुसळून प्यायचे. वजन सात किलोंनी उतरलं, झोप सुधारली. मग रक्त तपासलं. एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) ११८ चं १९६ झालं होतं. माझ्या बाबांची अँजिओप्लास्टी ५४ व्या वर्षी झाली आहे. तो रिपोर्ट घेऊन मी पार्किंगमध्ये गाडीत बराच वेळ नुसती बसून राहिले.

गटात विचारलं तर उत्तर आलं, "आपले पूर्वज हेच खायचे, घाबरू नकोस." त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, आपले म्हणजे कुणाचे? माझी पणजी बार्शीजवळच्या खेड्यात ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि घाण्याचं तेल यावर ऐंशी वर्षं जगली. खोबरं तिच्या घरात लग्नकार्यालाच यायचं, तेही सुकं.

त्यानंतर मी वाचत गेले. लक्षात आलं ते असं, की या 'पूर्वजांच्या आहारा'ची चरबीबद्दलची शिकवण माझ्याच हयातीत उलटीपालटी झाली आहे. १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अश्मयुगीन आहारावर लेख लिहिला, तिथून या विषयाला वजन आलं. त्यांचं म्हणणं होतं की रानातल्या प्राण्याच्या मांसात चरबी सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास असते, पोसलेल्या जनावराच्या मांसात त्याच्या कितीतरी पट. म्हणून त्यांच्या हिशोबात आदिमानवाच्या जेवणातल्या उष्मांकांपैकी चरबीतून यायचे फक्त २१ टक्के. २००० साली लॉरेन कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या २२९ समाजांच्या नोंदी घेऊन हिशोब मांडला, तेव्हा हाच आकडा २८ ते ५८ टक्के असा पसरला. तरीही २००२ च्या कॉर्डेन यांच्या पॅलिओ आहारावरच्या पुस्तकात सल्ला होता तो बिनचरबीच्या मांसाचा, वरची चरबी काढून टाकायचा, आणि चक्क कॅनोला तेलाचा (मोहरीच्या जातीतल्या बियांचं तेल)! ज्या गटात मी होते तिथे कॅनोलाचं नाव काढलं असतं तर मला विष घेतेस का असं विचारलं असतं.

मधल्या काळात काय झालं? २०१० आणि २०१४ मध्ये मोठी संकलित विश्लेषणं (अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून केलेली) आली. संपृक्त चरबी (लोणी, तूप, खोबरेल यांत भरपूर असते ती) जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार जास्त, असा स्पष्ट संबंध त्यांत दिसला नाही. २०१४ च्या जूनमध्ये 'टाइम' साप्ताहिकाने लोण्याचा गोळा मुखपृष्ठावर छापला. त्याच साप्ताहिकाने १९८४ साली अंडी आणि बेकनचा रडका चेहरा छापून कोलेस्टेरॉलची धास्ती घातली होती. मग खाण्याच्या चळवळीतलं वारंही फिरलं. लोणी, चरबी, खोबरेल हे पूर्वजांचे झाले आणि बियांची तेलं शत्रू.

तीच हाडं, तेच दगडी कोयते, तेच पूर्वज. आणि तीस वर्षांत त्यांचं ताट मात्र आपल्या मताप्रमाणे बदलत गेलं. मला हे फार खटकतं. कारण यावर विश्वास ठेवून माणसं खरोखर जेवतात. मी जेवले.

म्हणून इथे विचारते आहे. दोन लाख वर्षांपूर्वीचं राहू दे. तुमच्या आजी-पणजीच्या स्वयंपाकघरात कुठलं तेल होतं, कुठलं तूप होतं आणि (हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं) किती होतं? आठवत असेल तर मापासकट सांगा.

बेरी

छान धागा. माप आठवत नाही, पण आमच्याकडे लोणी कढवायचं ते आठवड्यातून एकदा, शनिवारी. सात दिवसांची साय, विरजण, मग ताक. आजी लोण्याचा गोळा तीन पाण्यांनी धुवायची. कढईत आधी पांढरा फेस आणि तडतड आवाज. तो आवाज थांबला की ती गॅस बारीक करायची आणि वाकून बघायची. तळाला बेरी बदामी झाली की विड्याच्या पानाचा तुकडा टाकायचा आणि लगेच खाली उतरवायचं. एवढ्या सगळ्याचं मिळून एक बरणी तूप व्हायचं, सात माणसांत आठवडाभर. भातावर वाढताना चमचा नसायचा, तुपाची छोटी पळी असायची, आणि ती आजीच्याच हातात.

बाकी स्वयंपाकघरात डालडा होता, हे मात्र कुणी विसरू नका. सणाचं सगळं त्यात. १९३७ साली तो बाजारात आला आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं मध्यमवर्गीय घरांत तूप म्हटलं की 'साजूक की डालडा' असं विचारावं लागे. आज आपण 'आजीच्या काळातलं' म्हणतो त्यात माझ्या आजीच्या काळाची अर्धी वर्षं पिवळ्या डब्याची आहेत, वर नारळाच्या झाडासारखं चित्र असलेल्या. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की त्यात ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी घातक चरबी) आहे. ते आपल्या देशात २ टक्क्यांच्या मर्यादेत यायला २०२२ साल उजाडलं.

करडईचं रान

मी सोलापूर जिल्ह्यातला. माप सांगू शकतो, कारण आमच्याकडे तेल विकत कमी आणि घरच्या करडईचं जास्त असायचं.

घरात नऊ माणसं. घाण्यावरून पंधरा किलोचा डबा भरून आणायचे, तो साधारण तीन महिने जायचा. आता हिशोब करा. नव्वद दिवस, नऊ माणसं, माणशी दिवसाला १८ ते १९ ग्रॅम. म्हणजे चार लहान चमचे. त्यातच फोडणी, त्यातच भाकरीबरोबर चटणीवर घ्यायचं कच्चं तेल, त्यातच देवाचा दिवा आणि डोक्याला लावायचं.

करडई ज्वारीच्या कडेने पेरायची. तिला काटे असतात, ढोरं रानात शिरत नाहीत. कोवळी असताना पाल्याची भाजी. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी पहाटेच करायची, कारण दव असताना काटे मऊ असतात. ऊन चढलं की हात लावता येत नाही. हाताला फडकी बांधून आई आणि चुलत्या चार वाजता रानात जायच्या. मी हे एवढ्यासाठी सांगतो, की त्या तेलाचा थेंब कुणी सांडला तर घरात बोलणी का बसायची ते कळावं. पेंड बैलांना, तेल माणसांना. कढईभर तेलात तळण म्हणजे दिवाळी आणि जावई आला तर.

शेवगाताई, तुम्ही 'बियांची तेलं शत्रू' लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. तुमच्यावर राग नाही. पण करडई बीच आहे, जवस बीच आहे, कारळं, तीळ, शेंगदाणा सगळं बीच. विदर्भात जवसाच्या तेलात भाज्या होत होत्या. हे आमचे पूर्वज नव्हते का?

वर्षाव

वाखु (वाचनखूण) साठवली. प्रतिसादही मस्त.

शेवगा

करडईचं रान, अगदी हेच मला हवं होतं. राग तर नाहीच, उलट आभार.

पण एक शंका आहे. माझ्या गटातले लोक याच करडईचं उदाहरण द्यायचे. ऑस्ट्रेलियात सिडनीला करडईचं तेल दिलेल्या गटात माणसं जास्त दगावली, असा अभ्यास आहे. त्याचं काय?

इसीजी

मी फिजिशियन आहे, नागपूरला. तो अभ्यास खरा आहे, पण त्यातलं माप सांगितल्याशिवाय तो सांगू नये.

१९६६ ते १९७३ या काळात सिडनीत ४५८ पुरुषांवर तो झाला. सगळे ३० ते ५९ वयाचे, आणि सगळ्यांना आधी हृदयाचा त्रास होऊन गेलेला. एका गटाला लोणी आणि प्राण्यांची चरबी सोडून करडईचं तेल आणि करडईचं मार्गारीन (तेलापासून केलेलं कृत्रिम लोणी) वापरायला सांगितलं. कोलेस्टेरॉल उतरलं, मृत्यू मात्र त्या गटात जास्त झाले. जुनी माहिती शोधून २०१३ मध्ये तिचं नव्याने विश्लेषण झालं. त्याच अभ्यासकांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या मक्याच्या तेलाच्या जुन्या प्रयोगाचंही तसंच केलं. तिथेही कोलेस्टेरॉल उतरलं, आयुष्य वाढलं नाही.

आता माप. सिडनीत लक्ष्य होतं, उष्मांकांपैकी १५ टक्के बहुअसंपृक्त चरबीतून (करडईसारख्या बियांच्या तेलात भरपूर असते ती). २२०० कॅलरी धरल्या तर ती रोज ३७ ग्रॅम चरबी झाली. करडईच्या तेलात ती साधारण तीन चतुर्थांश असते, म्हणजे रोज जवळपास ५० ग्रॅम करडईचं तेल. 'करडईचं रान' यांच्या घरात सगळी तेलं मिळून १८ ग्रॅम होती, आणि त्यातलं थोडं दिव्यात जात होतं. शिवाय त्या काळच्या मार्गारीनमध्ये ट्रान्स फॅट असण्याची दाट शक्यता, हा आक्षेप आहेच. एवढं सगळं बाजूला ठेवून 'करडईने माणसं मरतात' म्हणणं बरोबर नाही.

दुसरी बाजूही सांगतो. फिनलंडच्या उत्तर कारेलिया भागात १९७२ पासून लोण्याऐवजी वनस्पती तेल, मिठात कपात, तंबाखू बंद अशी मोहीम चालली. तिथे कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू चाळीस वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त घटले. एकट्या तेलाचं ते श्रेय नाही, पण लोणी कमी केल्याने तिथे कुणाचं नुकसान झालं नाही.

आणि शेवगा, १९६ एलडीएल आणि वडिलांची ५४ व्या वर्षी अँजिओप्लास्टी, हे एकत्र असेल तर 'पूर्वज' या शब्दावर बसून राहू नका. डॉक्टरांकडे नेमाने जा. संपृक्त चरबीने एलडीएल वाढतं आणि वाढलेलं एलडीएल वर्षानुवर्षं राहिलं की रक्तवाहिन्या खराब होतात, यावर वैद्यकात आज वाद उरलेला नाही. २०१० आणि २०१४ ची विश्लेषणं चुकीची नव्हती, पण त्यांतून कळतं ते इतकंच, की चरबी काढून तिच्या जागी काय खाल्लं ते महत्त्वाचं. लोणी सोडून मैदा-साखर खाल्ली तर फायदा नाही. लोणी सोडून शेंगदाणे, तेल, मासे खाल्ले तर आहे.

घाटमाथा

डॉक्टर, आदर ठेवून विचारतो. माझ्या आईचं तूप १९९५ साली तुमच्याच पेशातल्या एकांनी बंद केलं. पंचवीस वर्षं तिने पोळीला तूप लावलं नाही. आता ऋजुता दिवेकरांसारख्या आहारतज्ज्ञ तुपाला हो म्हणतात, आणि तुम्हीही 'किती' एवढंच विचारता. मधली वर्षं कुणी भरून द्यायची? तिला तूपभात फार आवडायचा.

शिवाय १९६७ चा डॉ. मल्होत्रांचा रेल्वे कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास. पंजाबकडचे लोक दक्षिणेकडच्यांच्या आठ ते एकोणीस पट चरबी खात होते, तीही बहुतेक दुधातुपाची. आणि हृदयविकार दक्षिणेत सातपट जास्त. हे आपल्याच देशातलं आहे, अमेरिकेतलं नाही. याकडे का बघत नाही कुणी?

इसीजी

आईंबद्दल वाचून वाईट वाटलं, आणि तुमची तक्रार रास्त आहे. आम्ही 'बंद' हा शब्द फार सहज वापरला. चमचाभर तुपाला बंदीची गरज नव्हती.

मल्होत्रांचा अभ्यास मला माहीत आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पण त्यात दोन प्रदेशांची तुलना आहे. त्यांचं जेवण वेगळं, अंगमेहनत वेगळी, धान्य वेगळं, जेवायच्या वेळा वेगळ्या. त्यावरून 'तुपाने हृदय वाचलं' असं ठरत नाही. ठरतं ते इतकंच, की एकटी चरबी मोजून माणसाचं हृदय कळत नाही. यावर आपण दोघं सहमत आहोत असं मला वाटतं.

घाटमाथा

हो. आहोत.

तारली

मालवणकडची मी. शेवगाच्या पणजीकडे खोबरं लग्नाला यायचं, आमच्याकडे ते रोज वाटपात. आणि तारली, बांगडा. आमचे पूर्वज खोबऱ्याचेच.

प्रशांत महासागरातल्या बेटांचं वाचलं होतं. टोकेलाऊमधले लोक ६० टक्क्यांहून जास्त उष्मांक नारळातून घ्यायचे, पुकापुकाचे त्याच्या निम्म्याने. १९८१ ला ते प्रसिद्ध झालं. टोकेलाऊकरांचं कोलेस्टेरॉल जास्त होतं, पण हृदयविकार दोन्हीकडे विरळा. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर स्टाफान लिंडेबर्ग यांनी पाहिलं तेही असंच: कंद, फळं, मासे, नारळ, आणि हृदयविकार जवळजवळ नाहीच. पण तिथे लोक नारळ खात होते, नारळाचं तेल कॉफीत ओतत नव्हते. सोलकढीतला रस आणि बाटलीतलं तेल या दोन गोष्टी आहेत. एका नारळाचा रस आमच्या घरात सहा जणांना पुरायचा.

नळी

कोल्हापूरकर. 'बिनचरबीचं मांस' वाचून थांबावंसं वाटलं. बोकड कापला की आमच्याकडे आधी नळीवर नजर. थाळीवर आपटून, ओढून, जमेल तसा त्यातला मगज काढायचा. वजडी, मुंडी, पाया, काहीच टाकायचं नाही. विल्हाल्मर स्टेफान्सन हा आर्क्टिकमध्ये इनुइट लोकांत राहिलेला माणूस. १९२८ मध्ये न्यू यॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याने मांसाशिवाय काही न खाण्याचा प्रयोग केला. सुरुवातीला त्याला बिनचरबीचंच मांस दिलं, तर तो दोन-तीन दिवसांत आजारी पडला. चरबी दिल्यावर बरा झाला. नुसतं मांस खाणाऱ्याला चरबी लागतेच, हे शिकाऱ्यांना कुणी शिकवावं लागलं नसणार.

पण मटण आमच्याकडे महिन्यातून दोनदा, आणि जत्रेला. रोज नव्हतं. आता आठवड्यातून तीनदा होतं आणि वरून तेलाचा तवंग. तवंग पूर्वी मटणाच्या चरबीचा यायचा, वेगळं तेल ओतावं लागत नव्हतं.

अंगणवाडी

सगळं वाचलं. एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

माझ्या आजीच्या वाट्याला तूप आलं ते बाळंतपणात. सव्वा महिना डिंकाचे लाडू, अळीव, भातावर तूप. त्यानंतर पुरुष, मग मुलगे, मग मुली, आणि शेवटी ती. शेवटी भांड्याला लागलेलं. तेव्हा 'माणशी १८ ग्रॅम' ही सरासरी आहे, तिचे १८ नव्हते. आणि तेल कमी होतं ते शहाणपणाने कमी नव्हतं, परवडत नव्हतं म्हणून कमी होतं. स्वातंत्र्याच्या वेळी या देशात सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होतं. मी खेड्यात काम करते, आजही कुपोषित मुलाच्या भातात चमचाभर तेल घाला असं आम्ही आयांना सांगतो, आणि ते मूल खरंच सुधारतं. सगळ्यांना 'तेल कमी करा' सांगताना हे मूल डोळ्यांसमोर असू द्या.

करडईचं रान

अंगणवाडी, बरोबर बोललात. आईला आत्ता विचारलं. ती म्हणाली, "मी चटणी कोरडीच खायची."

मला हे माहीत नव्हतं. पन्नाशी आली माझी.

शेवगा

दोन दिवस काही लिहिलं नाही, कारण मोजत होते. गेल्या वेळचा शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा डबा कधी फोडला आणि कधी संपला ते दुकानाच्या पावत्यांवरून काढलं. चोवीस दिवस, चार माणसं. पाच लिटर म्हणजे साडेचार किलो धरा. माणशी ४७ ग्रॅम. वर तूप, वर नवऱ्याचं चीज, वर बाहेरचं. मी पॅलिओ सोडल्यावर 'आता घरचं, साधं, आजीसारखं खाते' असं तीन वर्षं सगळ्यांना सांगत होते.

भारतातही नीती आयोगाने माणशी वर्षाला १९.७ किलो खाद्यतेल असा आकडा दिला आहे. म्हणजे दिवसाला ५४ ग्रॅम. करडईच्या घराच्या जवळपास तिप्पट. लोणी की तेल, बी की नारळ यावर मी इतकी वर्षं भांडले, आणि डबा किती दिवस पुरतो हे एकदाही बघितलं नाही.

अंगणवाडी, तुमचा प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवला. ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली की पणजीच्या ताटात तिने कधी तूप पाहिलेलं नाही. मी पणजीचं जेवण धाग्यात किती सहज लिहून गेले.

एलडीएल आता १३४ आहे. औषध चालू आहे, आणि ते मी बंद करणार नाही. भाकरी परत आली, जवसाची चटणी परत आली, खोबरेल केसांना.

करडईचं रान, पुढच्या महिन्यात सोलापूरला येते आहे. घाण्याचं करडई तेल न्यावं म्हणते. किती दिवस टिकतं?

करडईचं रान

लाकडी घाण्याचं असेल तर जास्त नेऊ नका. करडई लवकर खवट होते. घाण्यावरून आणलं की दोन-तीन दिवस न हलवता ठेवा, गाळ खाली बसू द्या, मग वरचं तेल स्टीलच्या डब्यात ओतून घ्या. अंधारात ठेवा, गॅसजवळ नको. आम्ही महिन्याभरात संपवतो. झाकण उघडल्यावर जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला तर वापरू नका. तळणाला तर ते वापरूच नका, फोडणीला आणि चटणीवर घ्या.

दोन लिटर पुरे तुम्हाला. आणि येणार असाल तर फेब्रुवारीपर्यंत थांबता आलं तर बघा, रानात करडई उभी असते. पहाटे चारला उठावं लागेल.